शेवंताबाईंनी आधी उत्तरार्ध वाचला

रहस्यकथा घरी नेणाऱ्या वाचकाला ग्रंथपालाची एकच धास्ती असते: ही बाई बोलण्याच्या भरात शेवट सांगून टाकील. मी पालघरच्या वाचनालयात नोकरीला लागले त्या दिवशी आमच्या चिटणीसांनी मला दोन गोष्टी बजावल्या. कोण काय वाचतो ते दुसऱ्याला सांगायचं नाही, आणि खुनी कोण ते कुणालाच सांगायचं नाही. दुसरा नियम मी निवृत्त होईपर्यंत पाळला. पहिला आज मोडते आहे. ज्यांच्याविषयी लिहिते त्या घरातलं आता इकडे कुणी राहिलेलं नाही, आणि नावंही मी बदलली आहेत.

लोकांना वाटतं, ग्रंथपाल म्हणजे दिवसभर पंख्याखाली बसून वाचणारी सुखी बाई. आमच्याकडे पंखाच नव्हता. साठ सालानंतरच्या त्या वर्षांत स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर दोन खोल्या, सहा कपाटं, वर्तमानपत्रांचं एक लांब टेबल आणि मी, एवढंच आमचं वाचनालय होतं. नवं पुस्तक आलं की दाखल वहीत नोंद करायची, त्याला क्रमांक द्यायचा, खाकी कागदाचं कव्हर घालायचं आणि मागच्या पुठ्ठ्याला तारखांची चिठ्ठी चिकटवायची. परत आलं की झटकायचं. पुस्तकातून काय काय पडतं ते मला विचारा. केसांच्या पिना, देवळातला अंगारा, बोंबलाचा काटा, एकदा तर एका मुलीची जन्मपत्रिका. ती मी तातडीनं त्या घरी नेऊन दिली, तर मुलीचे वडील म्हणाले, "हरवली होती तेच बरं होतं हो. स्थळ काही ठीक नव्हतं."

अशात आमच्याकडे ‘थांबलेल्या घड्याळाचा साक्षीदार’ ही कादंबरी आली. मुंबईत तिच्या आवृत्तीवर आवृत्ती निघत होत्या. एका बंगल्यात मालकाच्या तरुण पुतण्याचा खून होतो आणि घरातला प्रत्येकजण थोडाथोडा संशयित असतो, अशी ती गोष्ट. मी स्वतः ती एका बैठकीत वाचली, भात करपवला, आणि यजमानांची बोलणी खाल्ली. आमच्याकडे एकच प्रत होती आणि मागणी अशी की तिच्या रांगेसाठी मला वेगळी वही घालावी लागली. आमचे एक निवृत्त तलाठी कुठल्याही पुस्तकाचं शेवटचं पान उभ्या उभ्या वाचत आणि शेवट गोड असेल तरच पुस्तक नेत. त्यांना ही कादंबरी मी लांबूनच दाखवली.

टेबलावर एक अभिप्राय वहीही असे. वाचकांनी पुस्तकाबद्दल दोन ओळी लिहाव्यात, मात्र शेवट फोडू नये, एवढीच अट होती. बहुतेक लोक ‘छान’, ‘फारच छान’ किंवा ‘मध्ये थोडे कंटाळवाणे’ असं लिहून मोकळे होत. या कादंबरीवर एका गृहस्थांनी लिहिलं, ‘खुनी कोण ते मी पहिल्याच प्रकरणात ओळखले.’ त्याखाली वेगळ्या अक्षरात कुणीतरी लिहिलं होतं, ‘मग पोलिसात भरती व्हा.’ ते अक्षर त्यांच्या बायकोचं होतं हे मला ठाऊक होतं, पण मी पहिला नियम पाळला.

रांग काही हटेना. तेव्हा मी एक उपाय काढला. पुस्तक सोळा-सोळा पानांच्या घड्यांचं असतं. त्या घडीला फर्मा म्हणतात, आणि असे फर्मे दोऱ्यानं एकमेकांना शिवलेले असतात. शिवण मधे उसवली की एका पुस्तकाची दोन पुस्तकं होतात आणि एका वेळी दोन घरांत वाचता येतात. आमचे बाइंडर गफूरभाई मात्र ऐकेनात. "बाई, चांगलं चालतं पुस्तक हाय. त्याचे दोन तुकडे करायला लावता मला. पाप तुमच्या डोक्यावर हाय हां." पाप मी घेतलं. आठ दिवसांनी दोन्ही भाग तांबड्या कापडी बांधणीत, पाठीवर ‘पूर्वार्ध’ आणि ‘उत्तरार्ध’ अशा चिठ्ठ्या लावून आले. गफूरभाईंनी पुस्तक अशा ठिकाणी उसवलं होतं की पूर्वार्ध एका वाक्याच्या मधेच संपत होता. फर्मा तिथे संपला, त्याला ते तरी काय करणार?

मजा अशी झाली की पूर्वार्ध वाचलेला माणूस उत्तरार्धासाठी वेडापिसा व्हायचा. एकाच दाव्यात समोरासमोर उभे असलेले दोन वकील होते. एकाचा पूर्वार्ध वाचून झालेला, उत्तरार्ध दुसऱ्याकडे. कोर्टात एकमेकांचं तोंड न बघणारी ही माणसं माझ्या टेबलापाशी आली आणि पहिले दुसऱ्याला म्हणाले, "तुम्हाला हवी ती तारीख घ्या, पण पुस्तक सोडा." मला माझ्या युक्तीचा फार अभिमान वाटायला लागला होता. तो फार दिवस टिकला नाही.

दर गुरुवारी दुपारच्या पॅसेंजरनं मी दोन पिशव्या भरून पुस्तकं घेऊन बोईसरला जात असे. तिकडे तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम चालू होतं. सातारा, कोल्हापूर, नगर, विदर्भ, कुठून कुठून माणसं कामाला आली होती. आजूबाजूच्या गावांतून खोल्या घेऊन राहत आणि मराठी वाचायला काही मिळेल का म्हणून विचारत. आम्ही बोईसर स्टेशनजवळ एका भुसार दुकानामागची खोली घेऊन तिथे गुरुवारची शाखा काढली होती. शाखा म्हणजे एक सतरंजी, एक टेबल आणि माझ्या पिशव्या.

शेवंताबाई तिथल्याच. पन्नाशीच्या आतबाहेरच्या, साताऱ्याकडच्या, डोक्यावरचा पदर कधी न ढळलेल्या. यजमान धोंडिबा, प्रकल्पावर सेंट्रिंगचं काम करायचे. सिमेंट काँक्रीट ओतण्याआधी लाकडी साचे उभे करावे लागतात, ते काम ते कोयनेच्या धरणावर शिकले होते. शेवंताबाई चौथी शिकलेल्या. ओठ हलवत वाचायच्या. आधी पोथ्या नेल्या, मग संतांची चरित्रं. सगळ्यांना विचारते तसं मी त्यांनाही पहिल्याच दिवशी विचारलं होतं, मुलं किती? "न्हाईत," एवढंच म्हणाल्या आणि पुस्तकं चाळायला लागल्या.

एका गुरुवारी त्यांनी आपण होऊन विचारलं, "ते समदी मागत्यात ते घड्याळाचं पुस्तक हाय का?" नेमके त्या दिवशी दोन्ही भाग माझ्या पिशवीत होते. उत्तरार्ध एका इंजिनियर साहेबांसाठी राखून ठेवलेला, पूर्वार्ध मोकळा. दोन्हींची बांधणी एकसारखी तांबडी. मी कुणाशी तरी थालीपिठाच्या भाजणीवरून वाद घालत होते, आणि त्या वादाच्या भरात एक भाग साहेबांना आणि एक शेवंताबाईंना दिला. अर्ध्या तासानं साहेब तणतणत परत आले. "अहो बाई, हा मी वाचलेला भाग आहे!" तोवर शेवंताबाई निघून गेल्या होत्या.

रहस्यकथेच्या वाचकाला आधी शेवट देणं यापरतं ग्रंथपालाचं पाप नाही. आठवडाभर मी मनात चडफडले. पुढच्या गुरुवारी त्या आल्या तेव्हा मी हात जोडूनच उभी राहिले. "शेवंताबाई, माझी चूक झाली हो. तो दुसरा भाग होता. वाक्याच्या मधूनच सुरू होतो, तुमच्या लक्षात नाही आलं?"

"आलं की," त्या म्हणाल्या. "म्हटलं, शिकल्याल्या मानसांची पुस्तकं अशीच सुरू हुत असतील."

"आणि आता खुनी कोण ते कळलं तुम्हाला. आता पूर्वार्धात काय राहिलं वाचायला?"

"राहिलंय की. ज्यानं मारलं त्यो पोरगा आदी कसा हुता, ते कुटं कळलं?"

मी पूर्वार्ध दिला. पुढचे तीन गुरुवार त्या फिरकल्याच नाहीत.

इकडे पालघरात रांगेतली माणसं मला रस्त्यात गाठू लागली. उत्तरार्ध कपाटात पडून आणि पूर्वार्धाचा पत्ता नाही. चौथ्या गुरुवारी मी शाखा तासभर लवकर बंद केली आणि तरातरा शेवंताबाईंच्या गावी, सरावलीला गेले. खोलीची मालकीण अंगणात जाळं विणत बसली होती. तिला विचारलं. "ती साताऱ्याची बाय ना? ती बगा, कोपऱ्यावरची खोली हाय. बोलत नाय ती कोनाशी. मंग आमी पन नाय बोलत."

शेवंताबाई दारात आल्या आणि माझं तोंड सुटलं. "अहो, पुस्तक वाचायला नेलंत की पुरायला? तिकडे माणसं माझ्या नावानं खडे फोडताहेत! एकटीसाठी असतं होय वाचनालय?" शेजारच्या दोघी बाहेर आल्या. मी आवाज काही खाली आणला नाही. आज ते आठवलं तरी माझी मलाच लाज वाटते. शेवंताबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "आत या बाई. पानी तरी प्या."

आत पाट मांडला, पाण्याबरोबर गूळ ठेवला. फळीवरून पुस्तक काढलं. स्वच्छ धडप्यात गुंडाळलेलं होतं. उघडलं तर पानापानांत गोधडीच्या दोऱ्याचे तुकडे खुणेला घातलेले.

"ही बगा," त्या माझ्याजवळ बसत म्हणाल्या. "त्यो पोरगा जितं जितं येतो तितं दोरा घातलाय. हितं त्यो म्हातारीला पानी देतो. हितं मांजराला दूध घालतो. आन हितं बगा. ज्याला म्होरं मारनार हाय, त्याच्यासंगं कॅरम खेळतोय. हरतोय आन हसतोय." त्यांनी पानावर तळहात ठेवला. "बाई, हितं दोगंबी जित्ती हाईत. मारनारा बी, मरनारा बी. मी ह्या पानापत्तुर येते आन थांबते. म्होरं गेलं की एक मरतंय."

मी जातीची ग्रंथपाल. मला गप्प बसवेना. मी म्हटलं, "अहो, लेखकानं ती पानं मुद्दाम घातली आहेत. त्याचा संशय येऊ नये, वाचक फसावा म्हणून."

"त्यानं कशापायी बी घातली असूद्यात," त्या म्हणाल्या. "पोरगा तर हसलाच की."

एवढ्या माणसांनी ती कादंबरी नेली, मी स्वतः वाचली, पण त्या पानावर कुणी थांबलं नव्हतं. आम्ही सगळे खुनी पकडायला धावत होतो.

मग त्या खालच्या आवाजात म्हणाल्या, "बाई, मला पोरगा हाय."

दत्तू त्याचं नाव. पाटाच्या पाण्याची पाळी कुणाची, यावरून बांधावर भांडण झालं आणि त्याच्या हातातलं फावडं चुलतभावाच्या डोक्यात बसलं. बाळू जागच्या जागी गेला. हा बाळू म्हणजे शेवंताबाईंच्या धाकट्या दिराचा मुलगा. दीर लवकर वारलेले, म्हणून धोंडिबांनीच त्याला लहानाचा मोठा केला होता. दोघं पोरं एका ताटात जेवलेली. कोर्टानं दत्तूला जन्मठेप दिली, तो पुण्याच्या तुरुंगात होता, आणि धोंडिबांनी गाव सोडलं. नव्या मुलखात पाऊल टाकताना बायकोला सांगितलं, कुणी विचारलं तर आपल्याला मूल नाही. तुरुंगाच्या दारात गेलीस तर माझ्या दारात येऊ नकोस.

"त्यांचं बी काय चुकलं सांगा," शेवंताबाई म्हणाल्या. "त्यांची दोन गेली. माजी बी दोन गेली. बाळूला म्याच न्हाऊ घातलेला. कुनाचं म्हनून रडू?"

दत्तूची पत्रं गावाकडून पत्ता बदलून यायची. पहिलं आलं ते धोंडिबांनी न वाचता चुलीत घातलं. पुढची पोस्टमन दिवसा आणून द्यायचा, धोंडिबा कामावर असताना. ती जाळली म्हणून त्या सांगायच्या आणि देवाच्या फळीमागे ठेवायच्या. ठेवायच्या, पण फोडायच्या नाहीत. तीन वर्षांची पत्रं होती ती.

"का नाही फोडलीत?"

"काय वाचायचं? शेवट ठावं हुता. केलं त्यानं, ते काय पत्रात बदलनार हाय? असं वाटायचं मला." त्यांनी पुस्तकाकडे पाहिलं. "तुमी मला हे उलटं दिलंत. खुनी कोन ते ठावं असून बी मला पयला भाग वाचू वाटला. मग म्हटलं, कागदातल्या परक्या पोरासाठी जीव तुटतोय, आन माजं पोर तितं फळीमागं पडलंय. ह्या तीन हप्त्यांत वाचली समदी. पयल्यापासनं, एक एक. म्हनून उशीर झाला बगा, रागावू नगा."

पत्रांत काय होतं ते त्यांनी थोडंसं सांगितलं. त्यानं स्वतःसाठी काही मागितलं नव्हतं. काळी गाय व्याली का, बाळूच्या आईला कोण बघतं, आबांचा, म्हणजे वडिलांचा, खोकला कसा आहे, हेच सगळ्या पत्रांत फिरून फिरून. शेवटच्या पत्रात लिहिलं होतं की तुम्ही पत्र पाठवत नाही ते बरोबरच आहे, मी लिहायचं थांबवू का तेवढं कळवा.

मी त्या पाटावर बसून रडले. चिडखोर बाई म्हणून माझी ख्याती होती, ती निदान सरावलीत तरी त्या दिवशी संपली.

"मला जायचंय," त्या म्हणाल्या. "पन गेले तर हे घर जातंय. न्हाई गेले तर पोर जातंय. तुमी शिकल्याल्या, तुमीच सांगा काय करू."

सांगायला मी कोण? मी एवढंच म्हटलं, भेटीचा अर्ज लिहून देते, उत्तर वाचनालयाच्या पत्त्यावर मागवू, मग तुम्ही ठरवा. अर्ज मी तिथेच लिहिला. निघताना काय सुचलं कोण जाणे, गुरुवारी सोबत आणत असे ती अभिप्राय वही पिशवीतून काढली आणि म्हटलं, यात पुस्तकाबद्दल दोन ओळी लिहा. त्या आधी लाजल्या. मग माझं पेन घेऊन एकेक अक्षर कोरत त्यांनी लिहिलं:

‘खून कोणी केला ते मला आधीच कळले होते. तरी पुस्तक आवडले. पहिल्या भागात तो मुलगा चांगला आहे. लेखकाने त्याला आणखी पाने द्यायला हवी होती.’

चिटणीसांनी पुढच्या आठवड्यात वही तपासली आणि कपाळाला आठ्या घातल्या. "हा रहस्यकथेवरचा अभिप्राय नव्हे. यात रहस्याबद्दल एक अक्षर नाही. आणि ‘तो मुलगा’ म्हणजे शेवट फुटतोय." मी म्हटलं, "नाव कुठे घेतलंय? आणि एवढ्या लोकांत पुस्तक नीट वाचलेली ही एकटीच आहे." कोण आहे, म्हणून त्यांनी विचारलं. त्या वेळी मात्र मी पहिला नियम अगदी कडक पाळला. वहीत सही नव्हती, आणि नाव मी नाहीच सांगितलं.

पूर्वार्ध मी त्यांच्याकडेच ठेवून आले होते. पालघरात ठोकून दिलं की शिवण सुटली म्हणून बांधायला दिलाय. रांगेतले एक वकील खात्री करायला थेट गफूरभाईंच्या दुकानात गेले. मी त्यांना काहीही सांगितलेलं नव्हतं, पण गफूरभाईंनी वकिलांकडे न बघताच सांगितलं, "हाय ना माज्याकडं. खळ सुकली नाय अजून." नंतर त्यांनी मला कारणही विचारलं नाही. असा बाइंडर पुन्हा मिळाला नाही.

महिन्याभरानं अर्जाला उत्तर आलं. भेटीचा दिवस ठरवून दिला होता. शेवंताबाईंनी ते पत्र माझ्या हातातून घेतलं, दोनदा वाचलं आणि म्हणाल्या, "आज त्यास्नी सांगते. चोरून न्हाई जायाची. चोरून गेले तर पोरगं चोर हुतंय." संध्याकाळी ताट वाढल्यावर त्यांनी नवऱ्याला सांगितलं. दत्तूला बघायला चालले. धोंडिबा ताटावरून उठले आणि हात धुतले. दुसऱ्या दिवशी तसेच कामावर गेले.

मी शेवंताबाईंसोबत पुण्याला गेले. पुण्यात माझी मावसबहीण होती, तिच्याकडे आम्ही मुक्काम केला. मी यजमानांना सांगितलं, पुण्याला ग्रंथालयाचं काम आहे. एका अर्थी होतंही. तुरुंगाच्या फाटकाबाहेर एका लिंबाच्या झाडाखाली मी थांबले. वाचायला पुस्तक नेलं होतं, ते उघडलं नाही. आत गेलेल्या बायका एकेक करून बाहेर येत होत्या, कुणी रडत, कुणी रिकामा डबा हलवत. शेवंताबाई सगळ्यांत शेवटी आल्या. चेहरा थकलेला होता, पण डोळे कोरडे.

"काय बोललात?" मी विचारलं.

"इच्यारनार हुते, का केलंस? तोंडावर आलं हुतं. मग न्हाई इच्यारलं. ते कोर्टानं इच्यारलंय की समदं. मी म्हटलं, दत्तू, तू आन बाळू म्हशीवरनं नदीत पडला हुता तवा पयल्यांदा कोन पडलं रं? तर हसला. म्हनला, आई, बाळू पडला, आन मला वडलं त्यानं. हसला आन मग लई रडला. तीन वर्सांत बाळूचं नाव काढलं न्हवतं म्हनला कुनी. समदी ‘मयत’ म्हनत्यात."

परतीच्या गाडीत पालघर जवळ आलं. मी म्हटलं, "मी बोईसरपर्यंत येते. त्यांनी दार उघडलं नाही तर?"

"नगं बाई," त्या म्हणाल्या. "हितनं म्होरं माजं मी बगते. न्हाई उघडलं तर दारात बसंन. कवातरी बाहीर यावं लागंल की मानसाला." मी उतरले. गाडी पुढच्या उमरोळी स्टेशनाकडे निघून गेली आणि मी फलाटावर रिकाम्या हातांनी उभी राहिले. एका चुकीच्या पुस्तकापायी मी एका बाईचं घर मोडलं की काय, या विचारानं पुढचे पाच दिवस माझं कशात लक्ष लागलं नाही. दोन पुस्तकांना एकच क्रमांक घातला.

गुरुवारी बोईसरला गेले तेव्हा शेवंताबाई आल्या नाहीत. दुपार टळत आली. लोक पुस्तकं बदलून गेले. मी पिशव्या भरायला घेतल्या, तेवढ्यात दारात एक उंच माणूस येऊन उभा राहिला. अंगात कामावरचा सदरा, त्यावर सिमेंटचे वाळलेले ठिपके, हाताला भेगा. मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं, पण कोण ते लगेच ओळखलं. मनाशी म्हटलं, आता आपली काही धडगत नाही. बायकोला फितवलंत म्हणून हा माणूस चार शब्द सुनावणार, आणि सुनावले तर ते मुकाट ऐकून घ्यायचे.

त्यांनी चपला बाहेर काढल्या आणि सतरंजीच्या अगदी कडेला बसले.

"शेवंताबाई घरी आहेत ना?" माझ्यानं राहवलं नाही.

"हाईत की. कुटं जात्यात?" ते म्हणाले. "भाकरी करतीया."

माझा जीव भांड्यात पडला. त्यांनी माझ्या पिशव्यांकडे पाहिलं. मग म्हणाले, "बाई, त्या घड्याळाच्या पुस्तकाचा पयला भाग हाय का हितं?"

शेवंताबाईंनी तो पुण्याला जाण्याआधी परत दिला होता आणि योगायोगानं पिशवीत होता. मी पुढे केला आणि म्हटलं, तुमच्या घरच्या नावावर लिहिते, घेऊन जा. "नगं," ते म्हणाले. "घरी न्हाई न्हेत. हितंच बगतो. माजी दुसरीपत्तुरच शाळा. येळ लागंल. तुमची गाडी हाय का?"

गाडी होती, पण मी नाही म्हटलं. त्यांनी पुस्तक मांडीवर घेतलं, पहिलं पान पाहिलं, पुढची दोन-चार उलटली, आणि तसंच उघडं माझ्यापुढे धरलं.

"दोगं पोरं जित्ती हाईत, खेळत्यात, ते पान कुटलं?"

मी पान काढून दिलं. त्यांनी ओळीखाली बोट धरलं आणि मोठ्यानं वाचायला लागले, दुसरी शिकलेला माणूस वाचतो तसे, अक्षर अक्षर जुळवत. मी पिशव्यांचे बंद बांधण्याचं निमित्त करून पाठ फिरवली होती. दोन ओळी ऐकल्या आणि माझे हात थांबले. त्या पानावरच्या मुलांची नावं मला पाठ होती. धोंडिबा ती वाचतच नव्हते. एकाच्या जागी दत्तू म्हणत होते आणि दुसऱ्याच्या जागी बाळू.

मी काही दुरुस्त केलं नाही.